पैलतीरावरचा आवाज

"हा माणूस बोलतोय एक आणि ऐकू येतंय भलतंच," असं अण्णा पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी लक्षही दिलं नव्हतं. वय वर्षं 81. कानांनी गेली काही वर्षं असहकार पुकारलेला. आमच्या घरात अशा तक्रारींवर एक ठरलेलं उत्तर असतं, "आवाज वाढवू का?" तेच मी दिलं, आवाज वाढवला आणि माझ्या कामाला निघून गेलो.

तर गोष्ट अशी. अण्णांसाठी मी माझा जुना कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत मांडून दिलाय. त्यावर लिनक्स मिंट टाकलंय, कारण त्या म्हाताऱ्या यंत्राला दुसरं काही झेपत नव्हतं. पूर्वी दुकानांतून जुन्या नाटकांच्या व्हीसीडी मिळायच्या, तशा अण्णांनी हौसेने जमवलेल्या होत्या. त्या सगळ्या मी एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. संध्याकाळचा चहा झाला की अण्णा एखादं नाटक लावायचे आणि पुढचे दोन तास त्यांना कोणाची गरज पडायची नाही. (खरं सांगायचं तर त्या दोन तासांत मलाही कोणी लागत नसे. म्हणजे ती सोय कोणाची होती हे तुम्हीच ठरवा.)

कॉम्प्युटरपासून त्यांच्या खुर्चीपर्यंत स्पीकरची वायर गेलेली होती. मागच्या जूनमध्ये रात्री उठताना तिच्यात पाय अडकून अण्णा पडले. हाड मोडलं नाही हे नशीब, पण गुडघा आठवडाभर काळानिळा होता. दुसऱ्याच दिवशी मी जाऊन ब्लूटूथचा एक स्पीकर घेऊन आलो. वायरी गुंडाळून माळ्यावर टाकल्या आणि स्पीकर त्यांच्या कानाशी, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. एक प्रश्न सुटला म्हणून मी खूश होतो.

त्यानंतर आठवड्याभरात ते वाक्य आलं. मग रोजच यायला लागलं. "आवाज याचा नाही वाटत." "हे मागाहून भरलेलं आहे का रे?" मी आवाज वाढवत गेलो. शेवटी एकदा, कामाच्या फोनवर असताना त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा मी बोलून गेलो, "अण्णा, स्पीकर चांगला आहे, नाटक चांगलं आहे, बिघाड तुमच्या कानात आहे."

ते काही बोलले नाहीत. "बरं" म्हणाले आणि कॉम्प्युटर बंद करायला लावला. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्र घेतलं, सकाळी वाचून झालेलं. तिसऱ्या दिवशीही तेच. मी विचारलं तर म्हणाले, "पाहिलेली आहेत सगळी. किती वेळा बघायची?" मी तेही खरं मानलं, कारण ते मला सोयीचं होतं.

असे तीनेक आठवडे गेले. एका रविवारी स्पीकर चार्ज झालाय का हे पाहायला म्हणून मी सहज एक नाटक लावलं आणि त्यांच्या खुर्चीत बसलो. पाच मिनिटांत डोकं भणभणायला लागलं. नट तोंड उघडतोय, मिटतोय, आणि शब्द मागून येतोय. फार नाही, थोडासाच. पण एकदा लक्षात आल्यावर दुसरं काही दिसेचना. टेबलावर हात आपटला की हात परत वर निघाल्यावर 'धप्प'. मला खरंच लाज वाटली. रोज संगणकासमोर बसून पोट भरणारा माणूस मी, आणि हे ऐकायला त्या खुर्चीत एकदाही बसलो नव्हतो.

पण मग प्रश्न पडला की मला नीट ऐकू येत असताना मला नुसता त्रास झाला, अण्णांना तर शब्दच कळेनासे झाले होते. असं का? याचं उत्तर आधीच समोर येऊन गेलं होतं. वयाबरोबर कान जातात ते वरच्या पट्टीपासून. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि खालचे, ते टिकतात. स, श, फ, त ही व्यंजनं उंच आणि बारीक, ती आधी जातात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "ऐकू येतंय पण कळत नाही," आणि आपण ओरडतो, म्हणजे जे ऐकू येतंच आहे तेच आणखी मोठं करतो. गळलेली व्यंजनं अण्णा कुठून भरून काढत असतील? ओठांवरून. 2020 साली सगळं गाव मास्क लावून फिरत होतं तेव्हा अण्णांना वाण्याचं बोलणं अचानक कळेनासं झालं होतं. आम्ही तेव्हा म्हटलं, कान आणखी बिघडले. कान तेच होते, ओठ झाकले गेले होते.

ओठ तर आपण सगळेच वाचतो. 1976 साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या दोघांनी एक गंमत प्रसिद्ध केली. आवाज 'बा'चा लावायचा आणि पडद्यावर तोंड 'गा' म्हणणाऱ्याचं दाखवायचं. बहुतेक मोठ्या माणसांना ऐकू येतो 'डा'! डोळे मिटले की पुन्हा 'बा'. म्हणजे डोळा कानाला सांगत असतो की तू काय ऐकलंस. आता ज्याच्या कानाचा निम्मा भार डोळ्यावर आहे, त्याला मी एका अक्षराचे ओठ आणि आधीच्या अक्षराचा आवाज असं जोडून देत होतो. "बोलतोय एक आणि ऐकू येतंय भलतंच" ही तक्रार नव्हती, अचूक वर्णन होतं. अण्णा कऱ्हाडला शाळेत विज्ञान शिकवायचे. निरीक्षण नोंदवायची त्यांची सवय जुनी.

मग मी मांडी ठोकून बसलो. आधी वायरचा हेडफोन लावून तेच नाटक पाहिलं. ओठ आणि आवाज चपखल. म्हणजे फाइलचा दोष नव्हता, उशीर बिनतारी वाटेवर होत होता.

त्या वाटेवर काय काय घडतं ते थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे करतो, ब्लूटूथसाठी ते दाबून लहान करतो, पुडक्यांत बांधून हवेत सोडतो. वाटेत एखादं पुडकं हरवलं तर ते परत पाठवावं लागतं. तेवढ्यात आवाज तुटू नये म्हणून स्पीकर थोडी पुडकी पोटात साठवून ठेवतो आणि मग सावकाश वाजवत राहतो. म्हणजे हा उशीर आळसामुळे होत नाही, तो स्पीकरने मुद्दाम राखलेला साठा असतो. बिनतारी स्पीकरांच्या काही जाती याहूनही सबुरीच्या असतात. एअरप्ले पद्धतीत मुळात सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या हिशेबाने 88,200 नमुन्यांची, म्हणजे बरोबर दोन सेकंदांची आघाडी ठेवलेली असे. नुसतं गाणं ऐकताना दोन सेकंदांनी काय बिघडतं? काहीच नाही. चित्र सोबत आलं की मात्र सगळं बिघडतं.

माझी पहिली अक्कल अशी चालली की आवाजाला घाई करायला लावू. लिनक्समध्ये आवाजाची वाहतूक हल्ली पाइपवायर नावाची यंत्रणा बघते. पूर्वी ते काम पल्सऑडिओकडे होतं, मिंटच्या 22व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2024 पासून ते पाइपवायरकडे आलं. माझ्याकडे ती एका वेळी 1024 नमुने उचलत होती. सेकंदाला 48,000 नमुने धरले तर हे झाले साधारण 21 मिलिसेकंद. मी ते 256 वर आणले, म्हणजे 5 मिलिसेकंद. परिणाम असा की आवाज मधूनमधून तडतडायला लागला, जुन्या यंत्राचा पंखा घोंघावायला लागला, आणि उशीर होता तेवढाच राहिला.

दुसरी अक्कल म्हणून स्पीकर फोनवर बोलायच्या प्रकारात टाकून पाहिला. त्यात उशीर खूप कमी होतो हे खरं, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा येतो. वरची पट्टी छाटली जाते, म्हणजे अण्णांची उरलीसुरली व्यंजनंही गेली. ते लगेच बंद केलं.

रात्री अकराच्या सुमाराला डोक्यात प्रकाश पडला. 1024 आणि 256 च्या खटपटीने फरक का पडला नाही? कारण ते 21 मिलिसेकंद कोणाला चुकतच नव्हते! यंत्रणेला आपल्या हातातला उशीर ठाऊक असतो. तो ती प्लेअरला सांगते, आणि प्लेअर तेवढं चित्र थांबवून धरतो. चुकत होता तो स्पीकरच्या पोटातला उशीर, जो कॉम्प्युटरला माहीतच नव्हता. काही स्पीकर आपला उशीर स्वतःहून कळवतात, काही कळवत नाहीत, काही कळवतात तो खरा नसतो. आमचा अबोल निघाला. म्हणजे उशीर ही अडचण नव्हतीच, न कळवलेला उशीर ही अडचण होती.

आणि उपाय उलट्या बाजूला होता. उशिरा येणारा आवाज लवकर आणता येत नाही, पण चित्र थांबवता येतं.

आता किती थांबवायचं ते मोजणं आलं. एका सेकंदाला एकदा पडदा पांढरा होतो आणि त्याच क्षणी 'टिक' वाजतं अशी छोटी चित्रफीत बनवली. ती लावून, पडदा आणि स्पीकर दोन्ही येतील असं मोबाइलने चित्रण केलं. मग ते चित्रण एक एक चित्र पुढे सरकवत पाहिलं. सेकंदाला 30 चित्रं, म्हणजे एक चित्र 33 मिलिसेकंदांचं. पांढऱ्या पडद्यानंतर सातव्या चित्रावर टिक. पाच वेळा मोजलं, सरासरी निघाली 230 मिलिसेकंद. जवळजवळ पाव सेकंद.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 1998 साली टीव्हीसाठी यावर एक शिफारस काढली होती. तिच्या हिशेबाने आवाज 125 मिलिसेकंदांहून जास्त मागे पडला तर प्रेक्षकाला जाणवतो, आणि पुढे गेला तर मात्र 45 मिलिसेकंदांतच जाणवतो. मागे पडलेल्या आवाजाला आपण जास्त माफ करतो, आणि ते स्वाभाविकच वाटतं. निसर्गात आवाज नेहमी उजेडाच्या मागूनच येतो, आधी कधीच येत नाही. पण 185 च्या पुढचा उशीर त्या शिफारशीतही पसंत नाही. आमचे 230 होते.

व्हीएलसी प्लेअरमध्ये 'जे' कळ दाबली की आवाजाचा उशीर दर खेपेला 50 मिलिसेकंदांनी वजा होतो, 'के'ने वाढतो. त्याने लगेच फरक पडला. पण दुसरं नाटक लावलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि अण्णा काही कळा मोजत बसणार नाहीत. म्हणून यंत्रणेलाच सांगायचं ठरवलं. पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, ते पाइपवायरवरही चालतं. त्यात 'आउटपुट डिव्हायसेस'मध्ये स्पीकर शोधायचा, खालचं 'ॲडव्हान्स्ड' उघडायचं, तिथे 'लेटन्सी ऑफसेट' असा रकाना दिसतो. त्यात मिलिसेकंद भरायचे. मी 230 लिहिले. म्हणजे यंत्रणेला सांगितलं की बाई गं, हा स्पीकर बोलत नाही, पण तुला वाटतो त्याहून इतका उशीर त्याला लागतो, ते धरून चाल. पुन्हा चित्रण केलं. पडदा पांढरा आणि टिक, एकाच चित्रात.

सगळी खटपट एका रविवारची, आणि अखेरची दुरुस्ती तीन आकड्यांची.

सोमवारी चहा झाल्यावर मी अण्णांना म्हटलं, "या, जरा बघा." ते नको नको म्हणत आले. नाटक लावलं. दोन मिनिटं गेली, पाच गेली. मी त्यांच्याकडे बघत होतो, ते पडद्याकडे. मग एका विनोदावर ते हसले, नटाच्या बरोबर, प्रेक्षकांच्याही थोडं आधी. (नाटक पाठच आहे म्हणा.)

"काय केलंस?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. स्पीकरचं पोट, न कळवलेला उशीर, 230. आणि मग म्हटलं, "कानात बिघाड आहे म्हणालो होतो मी. तुमचं बरोबर होतं."

त्यावर ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "230 मिलिसेकंद म्हणजे किती अंतर झालं?"

मला एकदम कळलंच नाही. ते म्हणाले, "आवाज सेकंदाला 343 मीटर जातो. गुण की." गुणलं. साधारण 80 मीटर. "म्हणजे स्पीकर माझ्या कानाशी ठेवलास," अण्णा म्हणाले, "पण तो बोलत होता पैलतीरावरून."

आणि मला लहानपणची कृष्णा आठवली. कऱ्हाडला नदीकाठी अण्णा मला घेऊन बसत. समोरच्या काठावर परीट कपडे आपटायचे. कपडा दगडावर पडताना दिसायचा, आवाज यायचा तो हात पुन्हा वर गेल्यावर. मला वाटायचं, आवाज कपडा वर उचलण्याचा असतो! अण्णांनी तेव्हाच समजावलं होतं, की आवाजाला नदी ओलांडून यायला वेळ लागतो. पावसाळ्यात वीज चमकली की ते मला आकडे मोजायला लावत. गडगडाट होईपर्यंत जितके सेकंद, भागिले तीन, तितके किलोमीटर. उशीर किती आहे ते कळलं की वीज कुठे पडली तेही कळतं. हे सगळं मला ज्याने शिकवलं, त्यालाच मी कान बिघडल्याचं सांगत होतो.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण एक शेपूट आहे. माझी ताई बंगळूरला असते. दर रविवारी ती अण्णांना व्हिडिओ कॉल करते. मला वाटलं, आता स्पीकर सुधारला, कॉलही सुधारेल. नाही सुधारला. नाटकाचं चित्र थांबवता येतं, कारण नट कधीच बोलून गेलेला असतो, त्याला घाई नसते. ताई मात्र पलीकडे जिवंत बसलेली असते. तिचं चित्र थांबवून ओठ जुळवले तरी तिचा प्रश्न अण्णांपर्यंत उशिरा पोचायचा तो पोचतोच. नेटचा उशीर वेगळा, त्यात स्पीकरचा हा पाव सेकंद. फोनच्या बाबतीत दूरसंचार संघाची अपेक्षा अशी की एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत राहिला तर संभाषण सहज होतं. आमच्याकडे ते गणित एकट्या स्पीकरनेच मोडलं होतं. मग काय, माळ्यावरून वायर काढली. रविवारी मी ती स्वतः जोडतो, कॉल होईपर्यंत शेजारी बसतो आणि झाला की गुंडाळून ठेवतो. साधी वायर. तिच्याइतका जलद स्पीकर मला अजून मिळालेला नाही.

तिथे शेजारी बसल्यामुळे एक गोष्ट मात्र दिसली. वायर लावूनही एक उशीर उरतो, तो अण्णांचा. ताई विचारते, "अण्णा, जेवलात का?" अण्णा तिच्या तोंडाकडे बघतात. गळलेली अक्षरं भरतात. वाक्य जुळवतात. मग उत्तर तयार करतात. याला दीड-दोन सेकंद लागतात. आणि नेमकं तेवढ्यात, उत्तर तोंडाशी आलेलं असताना, ताई पुन्हा विचारते, "जेवलात का म्हटलं?" जरा मोठ्याने. की अण्णांचं जुळत आलेलं सगळं विस्कटतं, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. ताई काय, मीही वर्षानुवर्षं तेच करत आलोय. त्यांच्या डोक्यात पुडकी साठत असतात आणि आम्ही वरून आणखी पुडकी फेकतो. मग आवाज तुटतो आणि आम्ही म्हणतो, अण्णांना हल्ली कळत नाही.

ताईला मी हे फोनवर वेगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी विचारून गप्प बसायचं, एवढंच ना?" एवढंच.

मीही आता तसंच करतो. काही विचारलं की तोंड त्यांच्याकडे ठेवतो, आणि मनात आकडे मोजतो, एक, दोन, कधी तीन. सुरुवातीला ते तीन सेकंद फार लांब वाटायचे. कामाच्या दिवशी अजूनही वाटतात, आणि कधी कधी मी दोनवरच घसरतो, नाही असं नाही. पण थांबलो तर उत्तर येतं, आणि पूर्ण येतं.

काल संध्याकाळी विचारलं, "अण्णा, कुठलं नाटक लावू?" एक. दोन. तीन. चौथ्यावर म्हणाले, "आज नको. जरा बस इथेच."

मग बसलो. खिडकीबाहेर वीज चमकली. अण्णांनी एक बोट वर केलं, आणि आम्ही दोघंही मोजायला लागलो.